तार अपुरी की रांग लांब?

संगणक-कक्षातील इंटरनेट मंदावते, पाठाची चित्रफीत मध्येच थांबते आणि मुलांचे लक्ष उडते. आपण लगेच म्हणतो, 'जास्त वेगाची जोडणी घ्यायला हवी.' शाळेचे पैसे खर्च करण्यापूर्वी एक प्रयोग करून पाहूया.

शाळेचा राउटर लिनक्सवर चालत असेल, तर त्यावरून बाहेरच्या एखाद्या संगणकाला 'पिंग' करू. पिंग म्हणजे लहानसे पॅकेट पाठवून उत्तर यायला लागणारा वेळ मोजणे. आधी सगळे शांत असताना मोजू. मग एका संगणकावरून मोठी फाइल बाहेर पाठवत असताना पुन्हा मोजू. ३० मिलिसेकंदांचे १,००० झाले, तर संशय रांगेवर घ्यावा.

ही रांग कसली? तारेतून लगेच जाऊ न शकणारी पॅकेटे राउटर आणि मोडेम स्मृतीत थांबवून ठेवतात. लिनक्समध्ये इथरनेटच्या रांगेची नेहमीची मर्यादा असते १,००० पॅकेटांची. प्रत्येक पॅकेट १,५०० बाइटचे धरले, तर एकूण १ कोटी २० लाख बिट होतात. बाहेर जाण्याचा वेग सेकंदाला १ कोटी बिट असेल, तर भरलेल्या रांगेतील शेवटच्या पॅकेटाला १.२ सेकंद ताटकळावे लागेल!

१९८६ मध्ये अमेरिकेत बर्कली येथे गर्दीमुळे एका जोडणीचा वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. त्यानंतर व्हॅन जेकबसन यांनी शिस्त घालून दिली: पॅकेट हरवले की पाठवणाऱ्याने वेग कमी करायचा. पण रांगेला भरपूर जागा असली, की पॅकेट लवकर हरवत नाही. इशारा उशिरा मिळतो, तोवर रांग फुगत राहते.

२०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन यांनी यावर 'कोडेल' ही पद्धत मांडली. ती रांगेची लांबी मोजत नाही, थांबण्याचा वेळ मोजते. तो सलग १०० मिलिसेकंद ५ च्या वर राहिला, की एखादे पॅकेट मुद्दाम टाकून देते. लिनक्समधील 'एफक्यू-कोडेल' याशिवाय प्रत्येक प्रवाहाची रांग वेगळी ठेवते. शाळेच्या नळावर घागरी भरणाऱ्यांमागे ओंजळभर पाणी पिणाऱ्याला उभे करू नये, तसेच हे.

मात्र रांग बहुधा मोडेममध्ये साचते. म्हणून राउटरवरील वेगमर्यादा तारेच्या मोजलेल्या वेगापेक्षा थोडी कमी ठेवावी. मग रांग राउटरवर, आपल्या ताब्यात येते.

आता पुन्हा पिंग करून मुलांना दोन्ही वेळचे आलेख काढू द्या. फाइल जात असतानाही वेळ फारसा वाढला नाही, तर दोष रांगेचाच होता. शांत असतानाच पॅकेटे हरवत असतील, तर मात्र आधी तारा आणि जोड तपासा.