गच्चीवरची लाल अंबाडी

बंगळुरूच्या कोरमंगलात गच्चीवर लाल अंबाडी मस्त येते. उत्तर कर्नाटकातली मंडळी हिचा पुंडी पल्ल्या भाकरीशी खातात, आपण ज्वारीच्या कण्या घालून. बी जूनमध्ये पेरा, कुंडी दीड फुटी तरी हवीच. रोप फूटभर झालं की शेंडा खुडा, भाजीही होते आणि फांद्याही फुटतात. खरी मेख उजेडाची! दिवस लहान झाल्याशिवाय ही फुलत नाही, म्हणून कुंडी रस्त्यावरच्या दिव्याच्या झोतात नको. फिकट पिवळं, आत गडद लाल ठिपक्याचं फूल दिवसभरात मिटतं. त्यानंतर आठ-दहा दिवसांत लालबुंद बोंडं कोवळी, करकरीत असतानाच तोडा. आतली बियांची बोंडी काढून टाका. तिची लव बोटांना टोचते. सरबत फर्मास होतं, पण मला चटणीच जास्त आवडते.