थोड्यांच्या आवडीच्या वाहिन्या कां नाहींशा होतात?

मुलांनीं दूरचित्रवाणी कमी पाहावी यासाठीं ती बंद कशी करावी, हा प्रश्न आपल्या घरांतून पुष्कळदां चर्चिला जातो. आज ज्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे, तो मात्र याच्या अगदीं उलट आहे. आपण बंद केली नसतांही एखादी वाहिनी आपोआप बंद होते. ज्या क्रमांकावर कालपर्यंत शास्त्रीय गायन, जुनीं नाटकें किंवा परदेशांतील एखादी चांगली मालिका लागत असे, त्या क्रमांकावर एके सकाळीं कोरा पडदा दिसतो आणि त्यावर एका ओळीची सूचना असते. केबलवाल्यास विचारावें तर तो म्हणतो, "वरून काढली." वितरक कंपनीस विचारावें तर उत्तर येतें, "ती पाहणारे फारच थोडे होते." आणि घरांतले आजोबा म्हणतात, "अरे, मी तर ती रोज पाहत होतों!"

आजोबांचें म्हणणें खरें असतें आणि कंपनीही खोटें बोलत नाहीं. तथापि तिचें उत्तर अर्धेंच असतें. यादी चाळून पाहावी. ज्यांचीं नांवेंही आपण कधीं ऐकलीं नाहींत आणि ज्या शेजारींपाजारीं कोणी लावल्याचें स्मरत नाहीं, अशा कित्येक वाहिन्या तेथें सुखेनैव नांदतांना दिसतील. मग थोडे पाहणारे असूनही एकीस अभय आणि दुसरीस निरोप, हें कशावरून ठरतें? याचा उलगडा आवडीनिवडींत शोधून सांपडणार नाहीं; त्यासाठीं जमाखर्चाची वही उघडावी लागते.

या व्यवहारांत तीन पक्ष आहेत. वाहिनी चालविणारा प्रसारक, ती घरोघर पोंचविणारा केबलचा अथवा डिशचा वितरक, आणि महिन्याची वर्गणी भरणारे आपण. पैसा आपल्याकडून वितरकाकडे व वितरकाकडून प्रसारकाकडे जातो, अशी सर्वसाधारण समजूत असते. लोकप्रिय वाहिनीच्या बाबतींत ती खरीही आहे. परंतु वाहिनी अल्पप्रिय असली कीं पैशाचा प्रवाह उलटा वाहूं लागतो. आपणांस यादींत घ्यावें म्हणून वाहिनीच वितरकास पैसे मोजते. वाण्याच्या दुकानांत असेंच चालतें. साखर तो स्वतः पैसे देऊन आणतो, कारण ती नसेल तर गिऱ्हाईक पायरी चढणार नाहीं. नव्या साबणाची वडी मात्र दर्शनी फळीवर मांडावयाची तर साबणवाल्याकडून तो कांहींतरी घेतोच. या उलट्या पैशास वहनशुल्क म्हणतात.

केबलची तार जुन्या पद्धतीची होती तेव्हां या शुल्कास एक सबळ कारण होतें. त्या तारेंत वाहिन्यांना जागाच बेताची, आणि त्यांतही पहिल्या क्रमांकांवरचें चित्र स्वच्छ दिसे, शेवटच्यांवर नुसत्या मुंग्या. चांगल्या जागेसाठीं चढाओढ लागे. पुढें सरकारनें डिजिटल पद्धति सक्तीची केली. मुंबईसाठीं ऑक्टोबर २०१२ अखेरची आणि पुणें, नागपूर, नाशिक इत्यादि शहरांसाठीं मार्च २०१३ अखेरची मुदत ठरली. आतां जागा मुबलक होईल, संगीताला, नाटकाला, लहानसहान भाषांना आपापला कोपरा मिळेल, अशी पुष्कळांची अपेक्षा होती. जागा झाली, हें खरें. पण घरोघर बसलेल्या त्या छोट्या पेटीबरोबर दुसरीही एक गोष्ट आली. कोणत्या घरानें कोणती वाहिनी घेतली आहे, याची बिनचूक मोजदाद होऊं लागली. पूर्वी गर्दींत लपून राहतां येत असे, तें आतां अशक्य झालें.

या मोजदादीवर नियम उभारले ते भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणानें, मार्च २०१७ मध्यें. त्यांवरून न्यायालयांत बरेंच भांडण झालें. सर्वोच्च न्यायालयानें ३० ऑक्टोबर २०१८ रोजीं ते ग्राह्य ठरविले व १ फेब्रुवारी २०१९ पासून ग्राहकास प्रत्येक वाहिनी सुटी, छापील किंमतीस निवडण्याचा अधिकार मिळाला. त्या नियमांतील वहनशुल्काची योजना वाचकांनीं जरा बारकाईनें पाहावी. साध्या वाहिनीसाठीं वितरकाला दरमहा प्रत्येक ग्राहकामागें जास्तींत जास्त २० पैसे घेण्याची मुभा दिली होती. हे पैसे ती वाहिनी घेणाऱ्या ग्राहकांवर मोजावयाचे नसून त्या क्षेत्रांतील सर्व ग्राहकांवर मोजावयाचे. मात्र वाहिनी घेणारांचें प्रमाण जसजसें वाढेल तसतसें शुल्क उतरत जाई आणि शेंकडा २० घरांनीं ती घेतली कीं शुल्क शून्य.

वीस पैसे म्हणजे हल्लीं कोणी वांकून उचलणार नाहीं अशी रक्कम. पण उदाहरणादाखल हिशेब करून पाहूं. एखाद्या वितरकाचीं १० लाख घरें आहेत. एक रुपया किंमतीची एक संगीतवाहिनी त्यांपैकीं शेंकडा ३ घरांनीं, म्हणजे ३०,००० घरांनीं घेतली आहे. महिन्याची विक्री ३०,००० रुपये झाली. त्यांतून वितरणाबद्दल वितरकाचा किमान पंचमांश, म्हणजे ६,००० रुपये, वजा जातां वाहिनीच्या हातीं २४,००० रुपये पडले. आतां वहनशुल्क: १० लाख घरांचे वीस वीस पैसे म्हणजे २ लाख रुपये. चोवीस हजार मिळविण्यासाठीं दोन लाख मोजावयाचे! तीच वाहिनी २ लाख घरांनीं घेतली असती तर तिला १,६०,००० रुपये मिळाले असते आणि शुल्काची एक पैही द्यावी लागली नसती. किंमत वाढवून दहा रुपये करावी, असें कोणी सुचवील. तीस हजार घरें कायम राहिलीं तर शुल्क भागून चाळीस हजार उरतील खरे. पण रुपयाची वस्तु दहा रुपयांस झाल्यावर तीं सारीं घरें कायम राहतील, असें मानणारा मनुष्य संसारी नसावा. पुढें २०२० मध्यें व २०२४ मध्यें या आकारणीच्या तपशिलांत फेरफार झाले आहेत. थोड्या घरांत जाणाऱ्या वाहिनीचा बोजा सर्व घरांच्या संख्येवर धरावयाचा, हा विचार मात्र यावरून स्पष्ट दिसतो.

याच नियमांत आणखी एक कलम आहे. एखादी वाहिनी घेणारांचें प्रमाण वितरकाच्या त्या त्या क्षेत्रांत लागोपाठ सहा महिने शेंकडा ५ च्या खालीं राहिलें, तर ती बंद करण्यास वितरक मोकळा. वीस घरांत एक घर, ही ती रेषा.

येथें एक बारीक पण महत्त्वाचा भेद लक्षांत ठेवला पाहिजे. कायदा वाहिनी घेणारीं घरें मोजतो, ती पाहणारीं घरें मोजत नाहीं. आपण वाहिन्या बहुधा सुट्या घेत नाहीं. त्यांचा गुच्छ, ज्यास व्यवहारांत पॅक म्हणतात, तो घेतों. त्यांत एक मोठी वाहिनी असते, जिच्यासाठीं घरांत सर्वांचा हट्ट असतो, आणि तिच्या पदराला धरून त्याच कंपनीच्या पांचसात लहान वाहिन्या आंत येतात. त्या कोणी उघडूनही पाहत नसलें तरी मोजणींत त्यांच्या नांवावर लाखों घरें जमा होतात. उलट एखादी वाहिनी एकटीच, मोठ्या घराण्याबाहेरची असली, आणि तिचे तीस हजार भक्त रोज नेमानें ती लावीत असले, तरी ती रेषेच्या खालींच. पाहणारे थोडे म्हणून वाहिनी जाते, हें म्हणणें म्हणूनच अपुरें आहे. पाठीशीं मोठा भाऊ नाहीं म्हणून ती जाते.

आपल्याकडील एकत्र कुटुंबाचा दाखला येथें चपखल बसतो. थोरला भाऊ मामलेदार, मधला वकील आणि धाकटा सतार वाजविणारा. धाकट्याच्या पानांतलें तूप कोठून येतें, हा प्रश्न चूल एक असेपर्यंत कोणी विचारीत नसे. चुली वेगळ्या झाल्या कीं महिना उलटण्याच्या आंत तो प्रश्न त्याच्यापुढें उभा राहतो. ग्राहकाला सुटी निवड मिळाली कीं रसिकांच्या वाहिन्यांचें भाग्य उजळेल, असें २०१९ सालीं मोठ्या उमेदीनें बोललें जात होतें. निवडीचा हक्क चांगलाच. परंतु सुटी निवड म्हणजे वेगळी चूल, हें कोणी सांगितलें नाहीं. पुढच्याच वर्षीं इंग्रजी मालिकांची एएक्सएन ही वाहिनी ३० जून २०२० रोजीं आणि चित्रपटांची एचबीओ १५ डिसेंबर २०२० रोजीं भारतांत बंद झाली. त्या वर्षींच्या महामारीनें जाहिराती आटल्या होत्या व परदेशीं मालक आपला कारभार आवरीत होते, हेंही खरें. सर्व दोष एका नियमाच्या माथीं मारणें योग्य होणार नाहीं.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या बांधवांना तर या शेंकडा पांचाच्या रेषेची झळ विशेष लागते. बडोद्यास, इंदुरास, ग्वाल्हेरीस मराठी घराणीं पिढ्यान् पिढ्या नांदत आहेत. घरांतील वडील माणसें मराठी बातम्या व मराठी नाटक यांवर दिवस काढतात. नातवंडांच्या कानांवर शुद्ध मराठी पडावयाचें तें पुष्कळदां याच मार्गानें. परंतु प्रमाण मोजावयाचें तें वितरकाच्या क्षेत्रावर. त्या क्षेत्रांतील एकंदर घरांत मराठी घरें वीसांत एक नसलीं, तर पुण्यांत डोक्यावर घेतलेली वाहिनीही बडोद्यांत 'अल्पप्रिय' ठरते. तिच्या गुणांत कांहीं उणें झालेलें नसतें. फक्त छेद बदललेला असतो.

अमेरिकेंतील दोनतीन प्रसंगही पाहण्यासारखे आहेत. तेथें केबल कंपनी बहुतेक वाहिन्यांना दर घरामागें ठराविक रक्कम देते, मग त्या घरांत ती वाहिनी कोणी पाहो वा न पाहो. क्रीडावाहिन्यांचे दर त्यांत सर्वांत चढे, आणि त्यांना नाहीं म्हणण्याची प्राज्ञा नाहीं. कारण सामना दिसला नाहीं तर ग्राहक कंपनीच सोडतो. तेव्हां खर्च वाढला कीं कात्री चालते ती ज्यांच्यासाठीं कोणी कंपनी सोडणार नाहीं अशांवर. नृत्य, संगीत, चित्रकला यांना वाहिलेली ओव्हेशन ही वाहिनी टाइम वॉर्नर केबल या कंपनीनें २०१२ सालच्या अखेरीस आपल्या यादींतून काढली व कारण दिलें तें पाहणारांच्या अल्पसंख्येचें. सुमारें वर्षभरानें ती परत आली.

हवामानाच्या वाहिनीची गोष्ट याहून मनोरंजक आहे. जानेवारी २०१४ मध्यें डायरेक्टटीव्ही या डिश कंपनीनें वेदर चॅनेल बंद केलें. कंपनीचा आक्षेप असा कीं, या वाहिनीवर हवामान कमी आणि साहसी माणसांच्या कहाण्याच फार. आरोपांत तथ्य होतें. अधिक प्रेक्षकांच्या आशेनें वाहिनी आपला धंदा सोडून दुसऱ्याच्या अंगणांत शिरली होती. एप्रिलमध्यें तडजोड झाली, तींत आठवड्याच्या कामाच्या दिवशीं असले कार्यक्रम निम्म्यानें कमी करण्याचें वाहिनीनें कबूल केलें. लहान वाहिनीची ही दुहेरी कोंडी होय: आपल्या विषयाला चिकटून राहावें तर संख्या नाहीं, संख्येच्या मागें लागावें तर विषय जातो आणि मग तिची गरज काय, असें वितरकच विचारतो.

मोठ्या भावाचा आधारही कायमचा नसतो, हें २०२३ सालीं दिसून आलें. चार्टर ही केबल कंपनी व डिस्ने यांच्यांत ३१ ऑगस्ट रोजीं दरांवरून फाटलें आणि सुमारें १ कोटी ४७ लक्ष घरांतून डिस्नेच्या वाहिन्या गेल्या. अकरा दिवसांनीं, त्या रात्रींच्या मोठ्या फुटबॉल सामन्यापूर्वी, समेट झाला. ईएसपीएन ही क्रीडावाहिनी परत आली. पण डिस्ने ज्युनियर, डिस्ने एक्सडी, बेबी टीव्ही, फ्रीफॉर्म, नॅट जिओ वाइल्ड इत्यादि आठ वाहिन्या त्या वेळीं यादीबाहेर राहिल्या. थोरल्याची जागा राखण्यासाठीं धाकटीं भावंडें सोडून दिलीं गेलीं. त्यांत बालकांच्या वाहिन्या किती होत्या, हें गृहिणींच्या लक्षांत येईलच.

ही ओढाताण अलीकडेच इतकी तीव्र कां झाली, याचें कारण उघड आहे. चूल मुळांतच लहान होत आहे. मोबाइलवर व इंटरनेटवर मनोरंजन मिळूं लागल्यानें वर्गणीदार गळत चालले आहेत. आपल्या देशांत डिशचे वर्गणीदार २०२१ च्या सुमारास जवळजवळ ७ कोटी होते, ते २०२५ मध्यें ६ कोटींच्या खालीं आले. सोडून जाणारांत ज्यांची आवड वेगळी, ज्यांना आपल्या गोष्टी शोधून घेतां येतात, असे तरुण व सुशिक्षित लोक पुष्कळ असणार. म्हणजे लहान वाहिन्यांचे हक्काचे ग्राहक तेच. मागें राहतात त्यांतले आजोबा ती वाहिनी अजून लावीत असतात.

ज्यांना एखादी विशिष्ट वाहिनी आपल्या घरीं टिकावी असें वाटतें, त्यांनीं एवढें करावें. ती आपल्या पॅकमध्यें आहे किंवा नाहीं तें महिन्याच्या बिलावर पाहावें. नसल्यास सुटी मागून घ्यावी व ओळखीच्या घरांसही तसें सांगावें. गाळणी सहा महिन्यांच्या आंकड्यांवर होते, म्हणून बंद होण्याची पट्टी पडद्याच्या तळाशीं सरकूं लागल्यावर केलेल्या धांवपळीचा उपयोग थोडा. सोसायटींत एकत्र बसून दहा कुटुंबांनीं एका घरीं गाण्याची मैफल पाहिली, तर मोजणींत घर एकच धरलें जातें. आणि परगांवीं शिकणारा मुलगा तीच वाहिनी मोबाइलवर पाहत असेल, तर तो त्या मोजणींत कोठेंच नसतो.