गिटारवादनातील सरावसातत्य : एक विवेचन

प्रौढ वयात गिटार शिकू लागलेले अनेक जण पहिल्या काही आठवड्यांतच वाद्य बाजूला ठेवतात. बोटांची टोके दुखतात, कॉर्ड बदलताना लय तुटते आणि एक दिवस चुकला की संकल्पच मोडला, असे वाटते. ही शेवटची समजूत तपासून पाहिली पाहिजे. फिलिपा लॅली व सहकाऱ्यांनी आहार-व्यायामविषयक सवयींवर केलेल्या अभ्यासात (२०१०) सवय अंगवळणी पडण्यास १८ ते २५४ दिवस लागू शकतात, असा अंदाज निघाला. मात्र एखाद्या दिवसाच्या खंडाने त्या प्रक्रियेस विशेष बाधा आली नाही. गिटारच्या सरावालाही हे तत्त्व लावून पाहता येईल. गिटार खोळीत न ठेवता नजरेसमोर ठेवावी आणि सायंकाळच्या चहानंतर दहा मिनिटे दोनच कॉर्डची अदलाबदल संथ लयीत करावी. सारांश, खंड पडल्यावर दुसऱ्याच दिवशी वाद्य पुन्हा हाती घेणे, हेच सातत्य होय.