पाळीचा त्रास आणि ‘अ‍ॅडिनोमायोसिस’
“चाळिशी आली की असं होतंच,” असे म्हणून आपण घरातल्या बाईला गप्प करतो. रमजानमध्ये सुटलेले रोजे ती मोजून ठेवते. रक्त किती दिवस गेले, हे मात्र कुणाला सांगत नाही. आम्हा शिक्षिकांतही हा विषय कुजबुजीतच निघतो.

गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी त्याच्या स्नायूंच्या भिंतीत वाढल्या की त्याला अ‍ॅडिनोमायोसिस म्हणतात. दर पाळीला तिथेही सूज येते, गर्भाशय मोठे होते, असह्य कळा येतात, रक्ताच्या गाठी पडतात. हा कॅन्सर नव्हे. पण हिमोग्लोबिन उतरत जाते, जिना चढताना धाप लागते आणि आपण त्याला थकवा म्हणतो. तासातासाला पॅड बदलावे लागत असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

सोनोग्राफीत बहुधा निदान होते, कधी एमआरआय लागतो. पिशवी काढणे हा एकच उपाय नाही. गोळ्या आहेत, गर्भाशयात बसवायचे हार्मोनचे साधन आहे. पाळी कायमची थांबल्यावर त्रास सहसा ओसरतो. अजून मूल हवे असेल तर डॉक्टरांना आधीच सांगावे, कारण उपचार त्यावर ठरतात. जाताना पाळीच्या तारखा कॅलेंडरवर लिहून न्याव्यात, आणि सोबत नवऱ्यानेही जावे.