फॉरमॅट मारण्याआधी

विंडोज बिघडली की जिंतूर असो वा गंगाखेड, दुकानात पहिला प्रश्न ठरलेला: "फॉरमॅट मारू का?" लगेच हो म्हणू नका. विंडोज सुरू होत नाही म्हणजे फायली गेल्या असं नसतं. बहुतेक वेळा त्या डिस्कवर जशाच्या तशा असतात. जातात त्या दुरुस्तीत.

'सी' ड्राइव्ह पुसा, 'डी'ला हात लावू नका, असं सांगून आपण निर्धास्त होतो. पण डेस्कटॉप, डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स ही फोल्डरं सहसा 'सी'वरच असतात, आणि पीकविम्याच्या पावत्यांपासून घरच्या फोटोंपर्यंत सगळं आपण तिथेच टाकतो. सातबारा पुन्हा काढता येतो. गेलेल्या आजीचे फोटो नाही.

म्हणून आधी कॉपी. उबंटूसारखी लिनक्स पेनड्राइव्हवरून, इन्स्टॉल न करता चालते; तिच्यातून फायली बाहेरच्या डिस्कवर उतरवा. डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की लागेल. ती बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. कॉपी झालेल्या दोन-चार फायली दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघाच. डिस्क खटखट वाजत असेल, तर मात्र ती बंद करून जाणकाराकडे द्या.

मग विंडोजच्या 'रीसेट'मधला 'कीप माय फाइल्स' हा पर्याय निवडा. त्यात फायली राहतात, पण बाहेरून टाकलेली सॉफ्टवेअर जातात. लग्नपत्रिका, निवेदनं टाइप करणाऱ्यांनी फॉन्टही आधी काढून ठेवावेत. श्रीलिपीतली जुनी फाइल वाचली आणि फॉन्ट गेला, तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा गिचमिडगोळा उरतो.