बाजाराच्या नूतनीकरणासाठी केंद्राचा निधी वळवता येतो का?

डिचोलीचा बुधवारचा बाजार असो वा पेडण्याचा आठवडी बाजार, जुन्या मार्केटची दुरवस्था हा दोन्ही शहरांत सदैव चर्चेचा विषय असतो. गळके छप्पर, तुंबलेले गटार, मासळी मार्केटात साचणारे पाणी, महिला विक्रेत्यांसाठी स्वच्छतागृहाचा अभाव अशा तक्रारी पालिका मंडळापुढे येतात आणि उत्तर बहुधा एकच असते: निधी नाही. दुसरीकडे, केंद्राकडून आलेल्या अनुदानाचा काही भाग खर्च न होता बँकेत पडून राहिल्याचीही चर्चा होते. मग हा पैसा बाजारासाठी का वळवू नये, असा प्रश्न सामान्य नागरिकाला पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर 'होय' किंवा 'नाही' अशा एका शब्दात देता येत नाही. पैसा कोणत्या खात्यातून आला आणि बाजारातील नेमके कोणते काम करावयाचे आहे, यावर ते अवलंबून असते.

शंभरातले चाळीस रुपये मोकळे

पालिकांना मिळणाऱ्या केंद्रीय निधीतील एक प्रमुख प्रवाह वित्त आयोगाच्या अनुदानाचा असतो. 1993 साली अमलात आलेल्या 74व्या घटनादुरुस्तीनंतर नागरी स्वराज्य संस्थांना घटनात्मक स्थान लाभले आणि त्यांची आर्थिक गरज विचारात घेणे हे केंद्रीय वित्त आयोगाचे कर्तव्य ठरले. एन. के. सिंग यांच्या अध्यक्षतेखालील पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या पाच वर्षांसाठी देशभरातील नागरी संस्थांकरिता 1 लाख 21 हजार 55 कोटी रुपयांची शिफारस केली होती.

दहा लाखांहून कमी लोकसंख्येच्या शहरांसाठी या अनुदानाची विभागणी आयोगानेच ठरवून दिली. शंभर रुपयांपैकी 40 रुपये मोकळे होते. स्थानिक गरजेनुसार ते कोणत्याही नागरी कामावर खर्च करता येत. मात्र त्यातून कर्मचाऱ्यांचे वेतन वा आस्थापनेचा खर्च भागवण्यास मनाई होती. उरलेले 60 रुपये बांधील होते: त्यातील निम्मे स्वच्छता व घनकचरा व्यवस्थापनासाठी, निम्मे पिण्याचे पाणी, पर्जन्यजल संधारण आणि पाण्याचा पुनर्वापर यांसाठी. एका गटाची गरज पूर्णतः भागली असल्याचे प्रमाणित झाले, तर तो पैसा दुसऱ्या बांधील गटाकडे नेण्याची मुभा होती. मात्र बांधील पैसा फरसबंदी, कमान किंवा रोषणाईकडे नेता येत नव्हता.

येथे गोव्याची एक विशेष अडचण लक्षात घ्यावी लागते. राज्यात नळपाणी पुरवठा पालिका करीत नाहीत. ते काम सरकारी खात्याकडे आहे. त्यामुळे पाण्यासाठी बांधलेला पैसा कोठे खर्चावा, असा पेच लहान पालिकांपुढे उभा राहतो आणि 'हा पैसा दुसरीकडे वळवा' ही मागणी त्यातूनच जोर धरते.

काम तोडून पाहिले, तर वळवण्याची गरज कमी

'मार्केटचे नूतनीकरण' हे वस्तुतः एक काम नसून अनेक कामांची मोट आहे. गटार, स्वच्छतागृहे, कचरा वेगळा करण्याची जागा ही कामे स्वच्छतेच्या गटात बसू शकतात. मार्केटच्या विस्तीर्ण छपरावरील पावसाचे पाणी साठवणे आणि मासळी मार्केट धुतलेले पाणी प्रक्रिया करून पुन्हा वापरणे, ही कामे पाण्याच्या गटाच्या व्याख्येतच येतात. भरपूर पाऊस पडणाऱ्या, तरीही उन्हाळ्यात टँकरकडे डोळे लावून बसणाऱ्या तालुक्यांना हे सांगावे लागू नये. छप्पर, ओटे, फरशी आणि दिवे एवढेच काय ते मोकळ्या चाळीस रुपयांतून वा राज्याच्या निधीतून करावे लागते.

उदाहरणार्थ, पालिकेला एक कोटी रुपये मिळाले असे धरू. संपूर्ण मार्केटचा एकच प्रस्ताव 'इमारत दुरुस्ती' या नावाने गेला, तर त्यासाठी फार तर 40 लाख उपलब्ध होतात. तोच प्रस्ताव तीन भागांत मांडला, तर उरलेल्या 60 लाखांतूनही बाजाराची कामे होऊ शकतात आणि एकही रुपया वळवावा लागत नाही. अर्थात, शहरातील अन्य प्रभागांच्या स्वच्छतेला कात्री लावून हे करावयाचे का, याचा निर्णय पालिका मंडळाने उघडपणे घ्यावयाचा असतो. सोळाव्या वित्त आयोगाचा कालावधी 2026 पासून सुरू होतो. आयोग बदलला की अटीही बदलू शकतात. म्हणून प्रत्येक नव्या हप्त्याबरोबर आलेले निकष वाचूनच प्रस्ताव तयार करावे लागतात.

डिचोलीसाठी खनिज निधीचा मार्ग

खाणपट्ट्यातील डिचोलीसाठी आणखी एक मार्ग आहे, तो जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा. खाण व खनिज कायद्यात 2015 साली झालेल्या दुरुस्तीने हे प्रतिष्ठान अस्तित्वात आले. खाणचालकाने रॉयल्टीव्यतिरिक्त ठरावीक रक्कम त्यात भरावयाची असते: जुन्या पट्ट्यांसाठी रॉयल्टीच्या 30 टक्के, लिलावातून दिलेल्या पट्ट्यांसाठी 10 टक्के. हा पैसा खाणींमुळे बाधित झालेल्या लोकांसाठी आहे. पंतप्रधान खनिज क्षेत्र कल्याण योजनेच्या मूळ निकषांनुसार त्यातील 60 टक्के रक्कम पाणी, आरोग्य, शिक्षण, स्वच्छता अशा अग्रक्रमाच्या कामांवर खर्च करणे आवश्यक होते. 2024 च्या सुधारित निकषांत हे प्रमाण किमान 70 टक्के झाले. सांडपाण्याचा निचरा आणि स्वच्छतागृहे अग्रक्रमात येतात, तर रस्ते व पूल उर्वरित वाट्यात.

या निधीच्या इतिहासात वळवण्याचे एक ठळक उदाहरण आहे. मार्च 2020 मध्ये कोविडच्या प्रारंभी केंद्राने राज्यांना शिल्लक रकमेच्या 30 टक्क्यांपर्यंत पैसा साथीच्या मुकाबल्यासाठी वापरण्यास परवानगी दिली. हेतू, मर्यादा आणि आदेश या तिन्ही गोष्टी तेथे स्पष्ट होत्या. मात्र पुढील वर्षी, जुलै 2021 मध्ये, हा निधी राज्याच्या तिजोरीत वा अन्य निधीत वर्ग करण्यास केंद्रानेच मज्जाव केला. आपत्तीत दिलेली सवलत नित्याची सवय होऊ नये, हा त्यामागचा अर्थ उघड आहे.

डिचोलीकरांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सर्वोच्च न्यायालयाच्या 7 फेब्रुवारी 2018 च्या निवाड्याने 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले आणि त्याच वर्षी 16 मार्चपासून खाणी थांबल्या. रॉयल्टी थांबली की प्रतिष्ठानची आवकही आटते. म्हणून हा निधी एकदाच करावयाच्या कामांना योग्य. मार्केटची रोजची निगा त्यावर सोपवणे जोखमीचे ठरेल.

पेडण्याचे गणित वेगळे

पेडणे तालुक्यावर खाणींपेक्षा विमानतळाचा भार आहे. मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून जानेवारी 2023 मध्ये उड्डाणे सुरू झाली. जमिनीचे भाव आणि वर्दळ वाढली. पण पेडणे पालिकेची लोकसंख्या जेमतेम पाच हजारांच्या घरातली. अनुदानाच्या वाटपात लोकसंख्येला मोठे वजन असल्यामुळे, बाहेरून येणाऱ्या माणसांचा ताण या पालिकेच्या हिशेबात पुरेसा उमटत नाही. पुनवेच्या उत्सवाला उसळणाऱ्या गर्दीची मोजणीही जनगणनेत होत नाही. अशा पालिकेला वळवण्यासारखा पैसाच थोडा असतो. तिने घरपट्टीची वसुली, सोपो आणि राज्याच्या योजना यांचा मेळ घालूनच बाजाराचा आराखडा करणे क्रमप्राप्त आहे.

वळवण्याची रीत

केंद्रीय अनुदान ज्या हेतूने मिळाले, त्यासाठीच वापरल्याचे उपयोगिता प्रमाणपत्र आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांत द्यावे लागते, असे केंद्राचे 2017 चे सर्वसाधारण वित्तीय नियम सांगतात. परवानगीविना पैसा दुसरीकडे खर्च झाला, तर लेखापरीक्षणात आक्षेप येतो, पुढील हप्ता अडतो आणि प्रसंगी रक्कम परत करावी लागते. म्हणून आधी ठराव, मग मंजुरी आणि शेवटी खर्च हा क्रम मोडता येत नाही.

अमेरिकेत 1974 च्या कायद्याने शहरांना सामुदायिक विकासासाठी संघीय अनुदान मिळू लागले. तेथेही जुन्या बाजारपेठा सावरण्यासाठी हा पैसा एका कामावरून दुसऱ्या कामाकडे नेला जातो. पण बदल मोठा असेल, तर शहराला तो जाहीर करून नागरिकांना मत मांडण्यासाठी किमान 30 दिवस द्यावे लागतात, आणि एकूण निधीपैकी किमान 70 टक्के रकमेचा लाभ अल्प व मध्यम उत्पन्नाच्या लोकांना व्हावा लागतो. बदलाला तेथे बंदी नाही. गुपचूप बदलाला आहे.

ओट्यावर कोण बसणार?

नूतनीकरणात सर्वांत मोठी जोखीम पैशांची नसून माणसांची असते. जुना बाजार पाडून नवी इमारत उभी राहते, पण गावठी भाजी, फुले आणि सुकी मासळी घेऊन जमिनीवर बसणाऱ्या महिलांना त्यात जागा मिळेलच, असे नाही. 2014 च्या पथविक्रेता कायद्यानुसार नगर विक्रेता समितीत किमान 40 टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे आणि त्यांत एकतृतीयांश महिला असाव्या लागतात. विक्रेत्याला हलवण्यापूर्वी 30 दिवसांची नोटीस द्यावी लागते. पन्नास वर्षांहून अधिक काळ चालत आलेल्या नैसर्गिक बाजारांना वारसा बाजाराचा दर्जा देऊन तेथील विक्रेत्यांना न हलवण्याची तरतूदही त्या कायद्याच्या अनुसूचीत आहे.

तेव्हा पालिकेच्या बैठकीत मार्केटचा विषय आला की नागरिकांनी आणि नगरसेवकांनी काही साधे प्रश्न विचारावेत. पैसा कोणत्या शीर्षाखालचा आहे? तो मुळात कोणत्या कामासाठी होता आणि ते काम आता कशातून होणार? मंजुरी कोणाची व किती तारखेची? बांधकाम चालू असताना विक्रेते कोठे बसतील? आणि नव्या ओट्यांची यादी कोणत्या सर्वेक्षणावरून तयार झाली? या प्रश्नांची लेखी उत्तरे इतिवृत्तात नोंदली गेली, तर निधी वळवला की वापरला, हा वाद पुढे लेखापरीक्षकापर्यंत जाणार नाही.