ब्रेक लाइट : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

भाईंदर पश्चिमेकडून मुर्धा, राई, मोर्वा ही गावे मागे टाकीत उत्तनकडे आणि तेथून पुढे पाली, चौक या किनाऱ्याकडे जाणारा रस्ता ज्यांच्या नित्याच्या वहिवाटीचा आहे, त्यांना या वाटेवर गाडी वारंवार आवरावी लागते हे वेगळे सांगावयास नको. मासळीचा टेंपो वळतो, बस थांब्यावर उभी राहते, रविवारी समुद्र पाहावयास आलेली मंडळी एकाएकी वेग कमी करतात. आणि अशा प्रत्येक प्रसंगी मागून येणाऱ्या इसमास पुढच्या चालकाचा मनोदय कळतो तो प्रामुख्याने ब्रेक लाइटवरून. हा दिवा सर्वस्वी दुसऱ्यासाठी लागतो, आणि ज्याच्या गाडीवर तो आहे त्याच्या दृष्टीस तो सहसा पडत नाही. त्याच्याविषयी इतके गैरसमज रूढ व्हावेत याचे मूळ बहुधा येथेच असावे. ते दूर झाले, तर या दिव्याची साधी दुरुस्ती आपल्या अंगणातच करता येते, हेही ध्यानी येईल.

गैरसमज : दिवा गेला तर समोरच्या फलकावर खूण उमटेलच.

वस्तुस्थिती : वर्तुळातील उद्गारचिन्हाची जी तांबडी खूण आपण पाहतो, ती बहुतेक गाड्यांत हँडब्रेक ओढलेला असल्याची किंवा ब्रेकचे तेल कमी झाल्याची असते, बल्ब गेल्याची वर्दी देण्याची सोय सरसकट सर्व गाड्यांत नसते. तेव्हा खातरजमा डोळ्यांनीच करावयास हवी. घरात दुसरे कोणी असेल तर इंजिन बंद व हँडब्रेक ओढलेला ठेवून एकाने पेडल दाबावे आणि दुसऱ्याने मागून पाहावे. काही गाड्यांत त्यासाठी किल्ली फिरवून वीजपुरवठा मात्र चालू करावा लागतो. एकट्याने तपासावयाचे असल्यास तिन्हीसांजेला गाडीची पाठ भिंतीकडे करून उभी करावी आणि पेडल दाबताच भिंतीवर दोन्ही बाजूंस सारखाच तांबडा उजेड पडतो की नाही, हे आरशातून पाहावे. ज्या दोषामुळे रस्त्यावरील लोकांस धोका पोचेल, तो दोष चालकास ठाऊक असो वा साधारण दक्षता बाळगली असता कळण्याजोगा असो, अशा स्थितीत सार्वजनिक जागी गाडी चालवणे मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १९० अन्वये दंडनीय आहे. ‘मला माहीत नव्हते’ ही सबब येथे पुरेशी ठरत नाही.

गैरसमज : रात्री मागचे दिवे लागतात, म्हणजे ब्रेक लाइटही ठीक आहे.

वस्तुस्थिती : अनेक गाड्यांत एकाच काचेच्या बल्बमध्ये दोन स्वतंत्र तारा असतात : एक ५ वॅटची, जी रात्री मंद तेवत राहते, आणि दुसरी २१ वॅटची, जी पेडल दाबताच प्रखर होते. त्यांपैकी एक तुटली तरी दुसरी निर्वेधपणे चालू राहू शकते. बल्ब काढून उजेडाकडे धरला तर तुटलेल्या तारेचे टोक लोंबताना दिसते, काचेच्या आत पुष्कळदा काळपट झाक आलेली असते आणि तळाशी दोन्ही तारांचे दोन निरनिराळे टिपके स्पष्ट ओळखू येतात.

गैरसमज : वरचा तिसरा दिवा लागतो आहे, तेव्हा बाजूचा एक गेला तरी हरकत नाही.

वस्तुस्थिती : मागच्या काचेत उंचावर बसवलेला हा दिवा अमेरिकेत १९८६ च्या मॉडेलपासून मोटारींना सक्तीचा झाला, तो बाजूच्या दोन दिव्यांच्या जोडीला, त्यांच्या ऐवजी नव्हे. दोन बाजूंचे दोन दिवे मागच्यास गाडीची रुंदी सांगतात. त्यांतला एक विझला की अंधारात, विशेषतः पावसाच्या झडीत, पुढे चारचाकी आहे की दुचाकी याचा अंदाज चुकू शकतो.

गैरसमज : दिवा लागत नाही, म्हणजे बल्बच गेला.

वस्तुस्थिती : पालीसारख्या समुद्रकाठच्या वस्तीत या समजुतीपायी चांगले बल्ब फुकट टाकले जाण्याचा संभव अधिक. खारा, दमट वारा डिकीच्या फटींतून आणि दिव्याच्या सैल झालेल्या रबरी पॅकिंगमधून आत शिरतो, होल्डरच्या पितळी पत्र्यांवर हिरवट-पांढरी पुटे चढतात आणि वीज तेथेच अडखळते. अशा वेळी पुरवठा बंद करून बारीक पॉलिशपेपराने ती पुटे हलक्या हाताने घासून काढावीत, पत्र्यांवर खास विजेच्या जोडणीसाठी मिळणारे ग्रीस पातळसर लावावे, आणि पॅकिंग फाटले असल्यास तेही बदलावे. ब्रेक दाबताच त्याच बाजूचा इंडिकेटर मंदपणे उजळू लागला, तर अर्थची तार सैल किंवा गंजलेली असण्याचा संशय घ्यावा. सगळेच ब्रेक लाइट एकदम बंद पडले असतील, तर सर्व बल्ब एकाच दिवशी जाणे संभवनीय नसल्याने प्रथम फ्यूज पाहावा आणि नंतर पेडलच्या वर बसवलेला छोटा स्विच. उलट पेडल सोडूनही दिवे लागलेलेच राहिले, तर दोष बहुतांशी त्या स्विचचा, किंवा त्याला टेकणाऱ्या झिजलेल्या रबरी बटणाचा असतो. बटण दाबून सुरू होणाऱ्या गाड्या या स्विचच्या इशाऱ्यावर अवलंबून असल्यामुळे, तो बिघडल्यास पुष्कळदा गाडीच सुरू होण्यास नकार देते.

गैरसमज : बल्ब बदलणे हे मिस्त्रीचेच काम.

वस्तुस्थिती : सुटा बल्ब असलेल्या गाडीत हे काम क्वचितच अवघड असते. किल्ली काढावी, दिवे बंद करावेत व बल्ब निवू द्यावा, कारण नुकताच लागलेला बल्ब बोट भाजण्याइतका तापलेला असतो. काही गाड्यांत डिकीतील आतले अस्तर दूर सारताच होल्डर हाती येतो. काहींत एकदोन स्क्रू सोडवून संपूर्ण दिवा बाहेर ओढावा लागतो. होल्डर डावीकडे फिरवून काढावा; बल्ब किंचित आत दाबून डावीकडे वळवला की सुटतो, आणि पाचरीसारख्या बुडाचा असेल तर सरळ ओढला की निघतो. त्याच्या बुडावरचे अंक वाचून तोच प्रकार विकत घ्यावा. दोन तारांच्या बल्बच्या बगलेतील दोन खुंट्या मुद्दामच कमीअधिक उंचीवर असतात, म्हणजे तो एकाच रीतीने बसावा. जोर करून उलटा बसवल्यास दोन्ही तारांची कामे अदलाबदल होतात आणि २१ वॅटची तार रात्रभर जळून होल्डर वितळण्याची भीती उत्पन्न होते. सर्व भाग परत आवळण्यापूर्वी एकदा पेडल दाबवून पाहावे.

गैरसमज : काचेला बोट लागले की नवा बल्ब वाया जातो.

वस्तुस्थिती : हा निर्बंध पुढच्या हेडलाइटमधील हॅलोजन बल्बचा आहे, जेथे अतिशय तापणाऱ्या काचेवर बोटांचा तेलकटपणा घातक ठरतो. ब्रेक लाइटचा साधा बल्ब तितका नाजूक नाही. स्वच्छ फडक्याने पुसला म्हणजे झाले.

गैरसमज : फ्यूज वारंवार जातो, तर जास्त अँपिअरचा घालावा.

वस्तुस्थिती : फ्यूज जळतो तो तारा वाचवण्याकरिता. दहाच्या जागी वीसचा घातला, तर मूळ बिघाड तसाच राहतो आणि तारा तापून आग लागण्यास वाव मिळतो. झाकणावर लिहिला असेल तोच आकडा प्रमाण मानावा, आणि नवा फ्यूजही लगेच गेला तर तार कोठे घासते आहे याचा शोध जाणकाराकडून करवून घ्यावा.

गैरसमज : साध्या बल्बच्या जागी एलईडी बसवला की सुधारणाच होते.

वस्तुस्थिती : एलईडीचा एक गुण निर्विवाद आहे. तार तापून उजळेपर्यंत जो सुमारे एक-पंचमांश सेकंद जातो तो येथे वाचतो, आणि ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारी गाडी तेवढ्या अवधीत तीन मीटरांहून अधिक अंतर कापते. परंतु हा लाभ मूळ रचनाच एलईडीसाठी झालेली असेल तेव्हा भरवशाचा. तारेच्या बल्बासाठी घडवलेल्या परावर्तकात भलताच एलईडी खुपसला तर उजेड हव्या त्या दिशेस पसरत नाही, आणि मंद व प्रखर यांतील फरकही पुसट होऊ शकतो. ज्या गाडीत कारखान्यातूनच एलईडीचा बंद संच आलेला आहे, तेथे बहुधा सुटा बल्बच नसतो आणि सगळा संचच बदलावा लागतो. घरगुती दुरुस्तीची मर्यादा ती हीच.

योग्य प्रकारचा एक बल्ब आणि दोन फ्यूज गाडीच्या कप्प्यात कायम ठेवावेत, आणि महिन्यातून एकदा, टायरांची हवा पाहण्याच्या वेळीच, मागचे दिवेही कोणाकडून तरी पाहून घ्यावेत. खाऱ्या वाऱ्याच्या पाली-उत्तन परिसरात पावसाळ्यानंतर होल्डर उघडून पाहण्याचाही परिपाठ ठेवावा. मागून येणारा अनोळखी माणूस आपला दिवा उसना मागू शकत नाही की आपल्या गाडीत डोकावून आपला हेतू विचारू शकत नाही. त्याच्या सुरक्षिततेचा हा भाग केवळ आपल्या दक्षतेच्या हवाली आहे, आणि ती दक्षता पाळण्यास लागतो तो जेमतेम एक पेचकस व थोडा वेळ.